शुक्रवारची नोंद

माणूस माणसाला देऊ शकेल अशी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचा कान, आणि शिक्षकाने तो एकदा विद्यार्थ्याला दिला की त्या मुलाचे आयुष्य पहिल्यासारखे राहत नाही... बिल्ल्याची टाचणी तिसऱ्यांदा बोटात घुसली तेव्हा जयवंत मोहित्यांना हे वाक्य आठवले. जूनमधल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ते त्यांनी ऐकले होते. सांगणारे गृहस्थ सांगता सांगता मांडीवरच्या मोबाईलवर कोणाला तरी उत्तर टाइप करत होते. बिल्ला तिथेच मिळाला. पिवळा, गोल, पत्र्याचा, मध्ये लाल रंगात एक कान – डावा – आणि खाली ‘मी ऐकतो आहे’. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचे नाव ‘कानवाले सर’ ठेवले होते. पण शाळेत असे कानवाले अकरा होते, त्यामुळे त्यात व्यक्तिगत असे काही नव्हते.

“आज उशीर होईल का?” सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारले.

“हं.”

“हं म्हणजे हो, की नुसतंच हं?”

यावर त्यांना उत्तर देता येईना, कारण प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला होता तो फक्त सुरासारखा, शब्द वाटेत कुठेतरी गळले होते. आणि पुन्हा विचार म्हणावे तर सव्वीस वर्षांच्या संसारात ती ‘पुन्हा’ हा शब्द ऐकून काय करते ते त्यांना ठाऊक होते. शेवटी बिल्ला त्यांनी थोडा तिरपा लावला आणि निघाले.

एव्हरशाईन सिटीतून स्कूटर काढून, पूल ओलांडून पश्चिमेला शाळेत पोचायला वीस मिनिटे लागतात, आणि या वीस मिनिटांत जयवंत सर दिवसाचा तास-दर-तास हिशेब लावतात. पण आज मनात दुसरे काहीच येत नव्हते, एक ओळ सोडून. ओळ त्यांच्याच अक्षरात होती. ‘दिनांक: शुक्रवार. विद्यार्थिनी: दिपिका जयराम, दहावी ब. समस्या: गणित व विज्ञानात अप्रगत. मार्गदर्शन: पालकांशी सकारात्मक चर्चा. फलित: पालकांची संमती.’ ही ओळ त्यांनी बुधवारी लिहिली होती.

त्याला कारण होते. मार्गदर्शक शिक्षक योजनेत प्रत्येक शिक्षकाकडे पंधरा मुले, प्रत्येक मुलाशी पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे मनमोकळे बोलणे, आणि बोलणे संपले की संवाद नोंदवहीत त्याची एक ओळ. गुरुवारी तपासणी असल्याचे बुधवारी कळले. त्या दुपारी स्टाफरूममध्ये अकरा मार्गदर्शक शेजारी शेजारी बसले, एकशे पासष्ट मुलांच्या मनात उतरले, आणि चार वाजेपर्यंत बाहेरही आले. पान अर्धे रिकामे दिसू नये म्हणून प्रत्येकाने शुक्रवारपर्यंतचे लिहून टाकले. मुख्याध्यापक फ्रेडरिक सरांनी गुरुवारी हिरव्या शाईने प्रत्येक पानाखाली ‘पाहिले’ असे लिहून सही केली. म्हणजे आजचा संवाद कालच तपासून झाला होता. फक्त तो व्हायचा बाकी होता.

फाटकावर नेहमीचा फलक – ‘दहावीचा निकाल सलग नऊ वर्षे शंभर टक्के’. नऊ हा आकडा वेगळ्या पट्टीवर रंगवलेला, दर जूनमध्ये बदलता यावा म्हणून. या पट्टीसाठी दर वर्षी ऑगस्टमध्ये दोन-तीन मुलांना पर्याय दिला जातो. “मोहिते सर, आपण कोणाला काढत नाही,” फ्रेडरिक सर म्हणतात, “आपण पर्याय देतो.” पर्याय असा, की शाळेतून दाखला काढायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि दहावीला बाहेरून बसायचे. मुलगी परीक्षा देतेच, तीच परीक्षा, तोच पेपर. फक्त ती शाळेची राहत नाही, आणि नापास झालीच तर शाळेची नापास होत नाही. पूर्वी हे पालकांना ऑफिसच्या खिडकीतून, नाहीतर वर्गशिक्षकामार्फत सांगत. आता मार्गदर्शक सांगतो, कारण त्याचे मुलांशी नाते असते. फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती.

काही वर्षांपूर्वी भूपेशला हाच पर्याय देताना हे सोपे गेले होते... तेव्हा बिल्ला नव्हता, वर्गशिक्षक म्हणून सांगितले होते, बापाने सही केली, पोराने दाखला घडी करून खिशात घातला. मग एकदा खिडकीची ग्रील करून घ्यायला सर वालीवच्या कारखान्यांकडे गेले, तर वेल्डिंगचा मुखवटा वर करून कोणीतरी म्हणाले, “सर, ओळखलं का?” त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला. परीक्षा दिलीस ना रे, असे सरांनी विचारले, विचारायलाच हवे होते. “नाय सर, हॉल तिकीट आलेलं, पन त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर होती. राहून गेलं,” तो म्हणाला, जसे कोणी रविवारचे केस कापायचे राहून गेले म्हणावे. तक्रार नाही, टोमणा नाही. ग्रील सांगितल्या दिवशी आली, काटकोनात, एका मिलिमीटरचा फरक नाही. समोरचा माणूस रागावलेला असला की आपल्याला आपली बाजू मांडता येते. भूपेशने तीही सोय ठेवली नव्हती. सरांच्या हॉलच्या खिडकीला ती ग्रील अजून आहे, आणि ते खिडकीत फारसे उभे राहत नाहीत.

संवादकोपरा म्हणजे जिन्याखालची जागा. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर मोठा रंगवलेला कान, आणि शेजारी पाण्याचा कूलर, कारण नळाची जोडणी तिथेच होती. सव्वाअकराला दिपिकाचे वडील आले. जयराम, खाडीकडच्या गावातले. थोडी भातशेती, थोडी वाडी, उरलेल्या वेळात वालीवच्या कारखान्यांचा माल टेम्पोने पोचवतात. शर्ट इस्त्रीचा होता, टाचांवर मात्र चिखल वाळून पांढरी रेघ उमटली होती. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत शिराळी होती.

“अहो, हे कशाला?”

“वाडीतलीच हायेत. औषध मारलेलं नाय.”

“बसा ना, जयरामभाऊ.”

“नको सर, उभाच बरा. पोरांना पानी पिऊ दे, मधे खुर्ची नको.”

सरांनी मनात क्रम लावला होता. आधी कौतुक, मग काळजी, मग पर्याय, आणि पर्याय सांगताना ‘बाहेरून’ हा शब्द टाळून ‘स्वतंत्रपणे’ म्हणायचे. ते घसा साफ करून म्हणाले, “दिपिका खूप चांगली मुलगी आहे.”

“कुठं सही करू?” जयराम म्हणाले.

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत विरोध करणारे पालक होते, रडणारे पालक होते, नगरसेवकाला घेऊन येणारे पालक होते. या पालकांवर पान नव्हते.

“अहो, आधी काय आहे ते ऐकून तर घ्या. तिचे मार्क बघता, तिने यंदा स्वतंत्रपणे परीक्षेला –”

“फ्रेडरिक सरांचा फोन आलेला. सतरा नंबर. कळलं मला.” त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. “मला त्यातलं काय कळतं, सर? मी आठवी. माझी आई बोलते, सर सांगतील तसं कर. पोरगी घरी तोंड उघडत नाय. अभ्यासाचं विचारलं की ताटावरनं उठते. पन तुमाला तिनं सारं सांगितलंय.”

“मला?”

“ती बोलली ना. बोलली, बाबा, मी सरांना सांगून झालंय, ते करतील कायतरी, तुमी नका टेन्शन घेऊ. तवापासून मी नाय विचारलं.” कूलरपाशी कोणी बाटली भरत होते, तिकडे ते बघत राहिले. “मग तुमाला सारं ठावं असून तुमी सतरा नंबर बोलता, म्हनजे तेच बरोबर असनार. हो का नाय?”

सर म्हणाले, “हं.”

जयरामनी दोन सह्या केल्या, एक दाखल्याच्या अर्जावर, एक नोंदवहीत हिरव्या शाईच्या शेजारी. अक्षर अक्षर सोडवत, प्रत्येक काना पट्टी लावल्यासारखा. टेम्पो फाटकात आडवा लावलाय, वॉचमन ओरडेल, म्हणून घाईने निघाले. जाताना बिल्ल्याकडे बघून म्हणाले, “बरं वाटलं सर. पोरांचं ऐकनारा कोन तरी पायजे.”

आता ते एकटे, समोर शिराळी, आणि नोंदवहीत जे लिहिले होते ते तंतोतंत घडलेले. सकारात्मक चर्चा, पालकांची संमती. इतका बरोबर लागलेला अंदाज त्यांच्या आयुष्यात दुसरा नव्हता. त्यांनी पाने मागे उलटली. जुलै, दुसरा पंधरवडा, दिपिका जयराम – ‘समस्या: नाही. मार्गदर्शन: अभ्यासाचे महत्त्व सांगितले. फलित: विद्यार्थिनी आनंदी.’ ही ओळ बुधवारची नव्हती. ही त्याच दिवशी लिहिलेली होती, म्हणजे मुलगी खरेच आली होती, याच खुर्चीत बसली होती, आणि काहीतरी बोलली होती. काय?

आठवत होते ते असे: पाऊस नव्हता. उकाडा होता. मी मोबाईलवर वर्गाची माहिती ऑनलाइन भरत होतो, एक्केचाळीस मुलांचे आधार क्रमांक, आणि प्रत्येक वेळी ओटीपी येईपर्यंत पान बंद पडत होते. शेवटचा ओटीपी सात चार शून्य दोन नऊ एक. तो आठवतो. तिच्या बोटाला निळी शाई होती, हातात घडी घातलेला कागद होता, आणि ती बोलत होती – बराच वेळ बोलत होती, मधे एकदा थांबली, मग पुन्हा बोलली – आणि मी हं म्हणत होतो, योग्य जागी, न चुकता, जसे बोलणाऱ्याला वाटावे की आपण एका विहिरीत खडे टाकतो आहोत आणि खाली पाणी आहे. सात चार शून्य दोन नऊ एक. घरातले काही असेल... एखादा मुलगा त्रास देत असेल... खाडीकडच्या रस्त्याला दिवे नसतात... एखाद्या शिक्षकाने... आणि आपण लिहिले ‘आनंदी’. छापील वाटावे इतक्या सुबक अक्षरात.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला बोलावले. ती आली, डबा अर्धा खाल्लेला असावा, कारण हात धुऊन ओले होते आणि ते ओढणीला पुसायचे की नाही या विचारात ती उभी होती.

“बस. दिपिका, मागे तू मला जे सांगितलं होतंस ना...”

“हो सर.”

“ते जरा पुन्हा सांग. नीट.”

“नीटच सांगितलं होतं सर.”

“हो, हो. पण एकदा... सुरुवातीपासून.”

तिने त्यांच्याकडे पाहिले, मग बिल्ल्याकडे, मग भिंतीवरच्या कानाकडे, तिन्ही गोष्टींचा मेळ लावत असल्यासारखे. कूलर घरघरला आणि थांबला.

“तुम्ही फोनवर होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं ऐकता ऐकता फोनचं काम करताय.” तिने ओढणीला हात पुसले. “फोनचं काम करता करता ऐकत होतात, नाही का?”

नाही. तेही नाही. त्यांनी मान खाली घातली, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला त्यावरून जे कळायचे ते कळले. ती रागावली नाही. त्यांना पुन्हा भूपेश आठवला आणि ते मनातल्या मनात म्हणाले, रागाव.

“दप्तरात असेल,” असे म्हणून ती गेली आणि तो कागद घेऊन आली. गणिताची उत्तरपत्रिका, चाळीसपैकी नऊ. उत्तरे भरगच्च होती, पण मराठीत. बहुतेक उत्तरांच्या शेजारी पेन्सिलने बारीक बरोबरची खूण होती, आणि तिच्यावर लाल पेनाने शून्य.

“विनया मॅडम म्हणाल्या, उत्तरं बरोबर आहेत, माध्यम चुकलंय. ब तुकडी सेमी आहे ना, गणित-विज्ञान इंग्लिशमध्येच लिहायचं. मी आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होते सर. मला ते समरूप त्रिकोण मराठीत येतात. इंग्लिशमध्ये तेच त्रिकोण अनोळखी वाटतात.” ती हसली, स्वतःच्याच बोलण्यावर. “पेन्सिलच्या खुणा धरल्या तर एकतीस होतात. मॅडमनीच मोजून दाखवले.”

“मग तू मला काय सांगितलं होतंस?”

“क तुकडीत टाका. मराठी आहे ती. बस, एवढंच.”

“आणि मी?”

“हं म्हणालात. मग म्हणालात, होईल.”

“मग तू परत का नाही आलीस गं विचारायला?”

“तुम्ही होईल म्हणालात ना,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीने हे उत्तर पूर्ण होते.

“पण तुला सेमीत टाकलं कोणी मुळात?”

मोठ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून मुले करतात तसा तिने आवाज खाली आणला. “तुम्हीच सर. नववीच्या प्रवेशाला टेबलावर तुम्ही होता. बाबांना म्हणालात, हुशार आहे, हिला सेमीत घेऊ. बाबांनी अख्ख्या आळीत केळी वाटली.”

ब तुकडीत तेव्हा आठ मुले कमी पडत होती. तेवढी नसती तर तुकडी गेली असती. त्या सकाळी त्यांनी आठ पालकांना तुमचे मूल हुशार आहे असे सांगितले होते, आणि आठही पालक इतके खूश झाले होते, की दुपारपर्यंत स्वतः सरांनाही ते खरे वाटू लागले होते. आणि आता – एकतीस. म्हणजे एकीच्या बाबतीत ते खरेच होते.

“बाबा आले होते ना मघाशी? सही केली त्यांनी?”

“हो.”

“कशावर?”

“दाखल्याच्या अर्जावर.”

तिने उत्तरपत्रिकेची घडी घातली, पूर्वीच्याच रेघांवर. “म्हणजे मी आता शाळेत नाही?”

“अजून आहेस.”

घंटा झाली. सवयीने त्यांनी विचारले, “पुढचा तास कोणाचा?”

“तुमचाच. भूगोल.”

त्या तासाला त्यांनी ब्राझील शिकवले. ॲमेझॉनचे खोरे, घनदाट अरण्य, विरळ लोकवस्ती. बावीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे तोंड आपोआप चालते, आणि म्हणून नजर मोकळी राहते. दुसऱ्या बाकावर दिपिका लिहून घेत होती. प्रत्येक शब्द. ज्या शाळेतून आपला दाखला निघतो आहे तिथे बसून ती ब्राझीलमधल्या लोकवस्तीची विरळता लिहून घेत होती, आणि दोनदा तिने मान वर करून, त्यांनी वाक्य पुरे करावे म्हणून वाट पाहिली.

तीन वाजता ते फ्रेडरिक सरांच्या केबिनमध्ये गेले. वाटेत बोलायचे सगळे जुळवले होते, आणि आत गेल्यावर ते एका वाक्यात संपले.

“तिला क मध्ये टाकू, सर.”

फ्रेडरिक सर सभ्य गृहस्थ आहेत. नाही म्हणण्याआधी ते पंख्याचा वेग वाढवतात. “आता? ऑगस्टमध्ये? मोहिते सर, ब मधून एक मूल काढलं की संख्या कमी पडते. तुकडी जाते. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त. सगळ्यांत ज्युनिअर कोण, तुम्हाला माहीत आहे.”

विनया मॅडम. पेन्सिलवाल्या. “पण दाखला दिला तरी ब मधून एक मूल कमीच होतं ना?”

“त्याच्या जागी दुसरं घेतो आपण, नवीन प्रवेश. क मध्ये बदली केली तर बाकीचे सात पालकही मागतील.” त्यांनी याचा विचार आधीच केला होता. “आणि तुमच्या नोंदवहीत तर पालकांची संमती आहे. मी स्वतः पाहिलीय.”

“ते मी बुधवारी लिहिलं होतं, सर.”

“म्हणजे तुमचा अंदाज बरोबर निघाला,” फ्रेडरिक सर म्हणाले. यात कुजकेपणा अजिबात नव्हता, उलट कौतुक होते. “अर्ज क्लेमेंटकडे देऊन टाका. पाचला साइट बंद होते.”

क्लेमेंट म्हणजे ऑफिसातले क्लार्क. त्यांची खिडकी केबिनपासून नऊ पावलांवर. सर नऊ पावले चालले, आणि दहावेही टाकले, आणि तसेच पुढे जिन्याखाली येऊन बसले. अर्ज शिराळ्यांच्या पिशवीत होता. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. शाळा सुटली, कूलरवर गर्दी झाली, ओसरली. देणार आहे, देईन, उठतो – असे म्हणत ते बसले होते, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आले की आपण उठत नाही आहोत, आणि हे न उठणे आळसाचे नाही. त्यांनी नोंदवही उघडली. जुलैच्या ओळीतल्या ‘नाही’वर काट मारली, मग ‘आनंदी’वर, शासकीय नोंदीत खाडाखोड केली तर शेजारी सही लागते, ती केली, आणि वर बारीक अक्षरात लिहिले – ‘क तुकडी मागितली होती. मी ऐकले नाही.’ बावीस वर्षांत लिहिलेल्या नोंदींपैकी ही पहिली, की जी वाचून कोणाचाही काही फायदा होणार नव्हता.

साडेचार. पावणेपाच. विनया मॅडमचे काय... उद्या फ्रेडरिक सरांना काय सांगायचे... जयरामना फोन करावा लागेल, आणि फोनवर सांगावे लागेल, की मला काहीच ठाऊक नव्हते, तुम्ही ज्याच्या भरवशावर सही केली तो माणूस त्या दिवशी तिथे नव्हता. हे तिन्ही प्रश्न तसेच होते, एकही सुटला नव्हता. पण त्यांच्यामागे आता दुसरेही आवाज येत होते – वरच्या मजल्यावर शिपाई बाकडी सरकवत होता, फाटकाबाहेर कोणी सायकलची साखळी बसवत होते, एक मुलगी दुसरीला सांगत होती की उद्या मी येणार नाही, आणि दुसरी का म्हणून विचारत होती – आणि हे सगळे रोजच येत असणार, या विचाराने त्यांना जरा घाबरल्यासारखे झाले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचवर आला. पाच वाजून एक. दोन. त्यांनी अर्ज बाहेर काढला, तो आता नुसता कागद होता. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादे शासकीय काम मुद्दाम केले नव्हते. पाठ ताठ झाली होती, आणि घरी गेल्यावर सुनंदाला सकाळचा प्रश्न पुन्हा विचारायला सांगायचे, असे ते ठरवत होते.

खिशात मोबाईल वाजला. स्टाफच्या ग्रुपवर क्लेमेंटचा मेसेज होता. सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत तीस सप्टेंबरपर्यंत वाढली होती.